पावडरचं इंजेक्शन घरी तयार करताय? या चुका टाळा

सुई टोचायची धास्ती सगळ्यांनाच असते. घोटाळा मात्र बहुतेक वेळा त्याआधीच होतो, पावडरीत पाणी मिसळताना.

पहिली चूक हाताच्या सवयीची. 'बाटली हलवून घ्या' हे सिरपवर इतक्यांदा वाचलेलं असतं, की व्हायल, म्हणजे पावडरची रबरी बुचाची छोटी बाटली, हातात आली की आपण ती खळखळवतो. ग्रोथ हार्मोनसारख्या प्रथिनांच्या औषधांना हे चालत नाही. फेस येतो, प्रथिनाची घडण बिघडू शकते आणि डोस ओढताना सिरिंजमध्ये निम्मे बुडबुडेच येतात. पाणी थेट पावडरीवर सोडू नका. सुईचं टोक आतून काचेला टेकवा आणि धार काचेवरून ओघळू द्या. मग व्हायल हळूहळू गोल फिरवा आणि थांबा. तळाशी चिकटलेला पांढरा ठिपका विरघळायला कधी कधी चांगली काही मिनिटं घेतो. घाई नडते ती इथेच. उलट काही अँटिबायोटिक जोरातच हलवावी लागतात, म्हणून आपल्या औषधाचं माहितीपत्रक आधी वाचा.

दुसरा घोळ हिशेबाचा, आणि माझ्या मते सगळ्यात धोक्याचा. समजा, १० मिलिग्रॅमच्या औषधाचं द्रावण २ मिली झालं, तर १ मिलीत ५ मिलिग्रॅम औषध आलं. १ मिलिग्रॅमचा डोस म्हणजे ०.२ मिली. १ मिलीला १०० युनिट अशा खुणा असलेल्या इन्सुलिन सिरिंजवर तो २० च्या रेघेवर येतो. तेच द्रावण १ मिलीचं केलं, तर २० च्या रेघेवर डोस दुप्पट! रेघा मिलिग्रॅम दाखवत नाहीत, द्रावण किती आहे एवढंच दाखवतात. पावडर जास्त असेल तर तीही जागा व्यापते, त्यामुळे पत्रकात दिलेलीच तीव्रता (१ मिलीत किती औषध) धरा. हिशेब एकदा नर्सकडून किंवा फार्मासिस्टकडून तपासून कागदावर लिहून घ्या.

पाणीही कुठलंही चालत नाही. नळाचं नाही, उकळलेलंही नाही. इंजेक्शनचं पाणी आणि सलाइन एकमेकांच्या जागी परस्पर वापरू नका. बेंझिल अल्कोहोल घातलेलं पाणी नवजात बाळाच्या औषधाला वापरायचं नसतं.

रबरी बूच अल्कोहोल स्वॅबने पुसलं की आपोआप वाळू द्या. फुंकर मारलीत तर पुसल्याचा उपयोग काय?

औषध ओढताना प्लंजर, म्हणजे सिरिंजचा दांडा, परत आत खेचला जातोय? व्हायलमध्ये हवेचा दाब कमी पडलाय. जेवढं औषध काढायचं, साधारण तेवढीच हवा आधी आत सोडा, मग ओढा. द्रावणात बुचाचा काळा कण तरंगताना दिसला किंवा स्वच्छ असायला हवं ते द्रावण गढूळ राहिलं, तर ते टोचू नका. फार्मासिस्टला फोन करा.

उरलेलं औषध ठेवता येतं का, हे औषधागणिक बदलतं. एकदाच वापरायच्या व्हायलमधलं उरलेलं टाकूनच द्यायचं. ठेवता येत असेल तर मिसळल्याची तारीख आणि वेळ लगेच लेबलवर लिहा. फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं असेल तर २ ते ८ अंश सेल्सिअसला, पण फ्रीझरला टेकवून नको. गोठलेलं औषध वितळल्यावर दिसायला तसंच दिसतं, तरी वापरायचं नाही.