टायरची बाजू चिरली तेव्हा

स्पेनमधल्या प्रिओरात भागात द्राक्षमळे उभ्या उतारांवर आहेत आणि माती म्हणजे निव्वळ पाटीच्या दगडाच्या कपच्या. तिथे तिला 'लिकोरेया' म्हणतात. वेलींसाठी उत्तम, टायरसाठी वैरीण! ग्रातालोप्सजवळच्या कच्च्या वाटेवर अशीच एक कपची माझ्या सायकलच्या मागच्या टायरच्या बाजूत घुसली. ट्यूब बदलली, तर ती चिरेतून फुग्यासारखी बाहेर डोकावू लागली. मग टूथपेस्टची संपत आलेली ट्यूब कापली, आतून स्वच्छ पुसली, कोपरे गोल केले (टोकदार राहिले तर नवी ट्यूबही जाते) आणि तो तुकडा चिरेच्या आतल्या बाजूने बसवला. हवा जरा कमी भरली, मागचं ओझं पुढे बांधलं. फालसेतपर्यंतचे सगळे चढउतार टायरने निभावले. रेऊसला नवा घेतला.