टपावर रिमोट गन बसवताय? या चुका टाळा

रिमोट वेपन स्टेशन म्हणजे गाडीच्या टपावर मशीनगन आणि कॅमेरे, आणि ती चालवणारा जवान आत चिलखताखाली स्क्रीन-जॉयस्टिक घेऊन बसलेला. कशासाठी? तर डोकं बाहेर काढायला लागू नये म्हणून. आपल्या टी-72 रणगाड्यावर 12.7 मिलिमीटरची मशीनगन चालवायला कमांडरला हॅच (टपाचं झाकण) उघडून बाहेर यावं लागतं, टी-90 रणगाड्यावर तीच आतून चालते, फरक एवढाच आणि तोच जीव वाचवणारा. पण डिझाइन करणारे गनच्याच प्रेमात पडतात आणि शेवटी कुठल्यातरी किरकोळ कारणासाठी जवान परत हॅच उघडतोच.

सगळ्यात जुनं कारण म्हणजे रीलोड. 1944 च्या जर्मन हेट्झरवर (रणगाडे फोडणारी चिलखती गाडी) एमजी-34 मशीनगन होती, आतूनच फिरवायची, आतूनच फायर करायची, सगळं झकास, पण 50 गोळ्यांचा ड्रम संपला की माणूस बाहेर! आज 80 वर्षांनीसुद्धा कितीतरी स्टेशनांना गोळ्यांचा नवा बेल्ट बाहेरूनच लावतात. इस्रायली कंपनी राफाएलच्या सॅमसन मार्क 2 स्टेशनमध्ये आतून भरायची सोय आहे, म्हणजे जमतं, फक्त ते पहिल्या ड्रॉइंगपासून डोक्यात हवं, नंतर ठिगळ लावून नाही जमत. गन जॅम झाली तर काय, हेही तेव्हाच ठरवा.

दुसरं म्हणजे बघणं. झूम लावला की दोन किलोमीटरवरचा माणूस दिसतो पण गाडीला चिकटून उभा असलेला दिसत नाही, नळीतून जग बघितल्यासारखं होतं. चहूबाजूंना साधे वाइड कॅमेरे लावा, आणि असलेली नजर तर अजिबात झाकू नका. अमेरिकेच्या एब्रॅम्स रणगाड्यावर नेमकं हेच झालं, क्रोज नावाचं रिमोट स्टेशन बसवलं आणि ते एवढं उंच की कमांडरला स्वतःच्याच टपावरून पलीकडचं दिसेना. मग साधारण 25 सेंटीमीटर बुटकी लो-प्रोफाइल आवृत्ती काढावी लागली, एब्रॅम्सच्या सेप व्ही-3 या आवृत्तीवर आता तीच असते.

स्टॅबिलायझेशनवर, म्हणजे गाडी हलली तरी गनचा नेम स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेवर, पैसे वाचवू नका. अमेरिकेच्या स्ट्रायकर चिलखती गाडीवरची सुरुवातीची प्रोटेक्टर रिमोट स्टेशनं स्टॅबिलाइज्ड नव्हती, नीट नेम धरायचा तर गाडी थांबवा, आणि थांबलेली गाडी म्हणजे समोरच्याला आयतं टार्गेट. वर्कशॉपच्या गुळगुळीत फरशीवर सगळंच हिट होतं हो.

नेम हळूहळू सरकतोय अशी तक्रार आली की आधी सॉफ्टवेअरवाल्याला फोन जातो. थांबा. माउंटचे बोल्ट बघा, कॅमेरा आणि बॅरल अजून एका रेषेत आहेत का ते बघा, आणि काच पुसा. काचेवर चिखल उडाला तर लाखोंचा थर्मल (उष्णतेवरून बघणारा) कॅमेरा आंधळा, आणि पुसायला कोण जाणार? परत तोच जवान, परत तीच हॅच. कारच्या काचेला असतो तसा पाण्याचा फवारा आणि वायपर द्या की, त्यात कसली लाज.

आणि टेस्ट एसी रूममध्ये नको. मे महिन्यात राजस्थानात, हॅच बंद, इंजिन चालू, खडबडीत रस्ता, ऑपरेटरला चार तास स्क्रीनसमोर बसवा, मळमळतंय का विचारा, आणि हातमोजे घालून कुठलं बटण सापडलं नाही तेही लिहून घ्या.