ओठ न हलवता मराठी: अर्धवटरावांच्या आठवणीसाठी घरगुती बोलकी बाहुली

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतरच्या वर्षांत ज्यांचे बालपण शेजाऱ्यांच्या घरी, लाकडी शटरच्या कृष्णधवल संचासमोर सतरंजीवर बसून गेले, त्यांना शब्दभ्रमकार, म्हणजे ओठ न हलवता बाहुलीला बोलते करणारे कलाकार, रामदास पाध्ये आणि त्यांची बोलकी बाहुली अर्धवटराव यांची ओळख करून द्यावी लागत नाही. ही बाहुली रामदासांचे वडील य. के. पाध्ये यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात घडवली होती, म्हणजे आमच्या पिढीने ती पडद्यावर पाहिली तेव्हाच तिने पन्नाशी ओलांडली होती. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा आणि १९९३ च्या ‘झपाटलेला’ मधला तात्या विंचू या बाहुल्याही पुढे रामदासांनीच केल्या. मला त्या कार्यक्रमांतले संवाद आज आठवत नाहीत. आठवते ती अर्धवटरावांची ऐकण्याची पद्धत. आईच्या पंच्याहत्तरीला ती आठवण घरी जिवंत करायचे ठरवले, तेव्हा तीन आठवड्यांत जे शिकलो ते येथे क्रमाने सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करावा. शब्दभ्रमकार आवाज कोठेही ‘फेकत’ नाही. आवाज त्याच्याच तोंडातून येतो. आपला मेंदू मात्र आवाजाचे ठिकाण ठरवताना कानापेक्षा डोळ्यांवर अधिक विसंबतो आणि जे तोंड हलताना दिसेल त्याच्या पदरात आवाज टाकतो. दूरचित्रवाणीवर तर निवेदकाचा आवाजही पडद्याशेजारच्या स्पीकरमधूनच येत असे आणि तरी तो निवेदकाच्याच तोंडचा वाटे. या दृष्टीने त्या संचाने शब्दभ्रमकाराचे अर्धे काम करून ठेवले होते. मात्र कॅमेरा जवळ आला की ओठांची बारीकशी थरथरही दिसत असल्याने उरलेले अर्धे काम रंगमंचाहून अवघड होत असे. घरी प्रेक्षक आठ-दहा फुटांवर असतात, त्यामुळे आपली परीक्षा जवळजवळ कॅमेऱ्यासारखीच असते.

बाहुलीसाठी जाड लोकरी मोजा पुरतो. वहीच्या पुठ्ठ्याचा लांबट गोल कापून मधोमध दुमडावा आणि तो मोज्याच्या टोकाशी तोंड म्हणून शिवावा किंवा चिकटवावा. चार बोटे वर, अंगठा खाली. डोळ्यांसाठी दोन बटणे घ्यावीत आणि त्यांवरची काळी बुबुळे किंचित आतल्या बाजूला रंगवावीत, कारण सरळ मधोमध रंगवलेल्या बुबुळांची बाहुली कोणाकडेच पाहत नाही. केस, टोपी, मिशी हे ज्याच्या त्याच्या हौसेवर सोडावे.

तोंड हलवताना नवशिक्याची चूक ठरलेली असते: तो चार बोटे वर उचलतो आणि बाहुली प्रत्येक शब्दाला छताकडे पाहते. बोटे स्थिर ठेवून अंगठा खाली न्यावा, कारण माणसाचाही खालचाच जबडा हलतो. दर अक्षराला तोंड एकदा उघडावे आणि वाक्य संपताच मिटावे. ‘आजोबा’ला तीनदा, ‘हो’ला एकदा.

आता खरे कष्टाचे काम. ओठ किंचित विलग ठेवावेत, दात एकमेकांना हलकेच टेकवावेत आणि सारा कारभार जिभेवर सोपवावा. आरशासमोर बसून वर्णमाला म्हणत गेले की कवर्गापासून तवर्गापर्यंत फारशी अडचण येत नाही आणि पवर्गाशी गाडी अडते, कारण प, फ, ब, भ, म ही अक्षरे ओठ जुळल्याशिवाय नीट निघत नाहीत. आपल्या वर्णमालेने यावरचा उपायही शेजारच्याच ओळीत ठेवला आहे. तवर्गातली पाच अक्षरे याच क्रमाने त्यांच्या जागी बसतात: प साठी त, फ साठी थ, ब साठी द, भ साठी ध आणि म साठी न. अल्पप्राणाला अल्पप्राण, महाप्राणाला महाप्राण, अनुनासिकाला अनुनासिक अशी ही नेमकी जोडी आहे. जीभ दातांवर न आपटता मऊपणे टेकवावी आणि मनात मूळ अक्षरच धरावे. सरावाने ‘द’ ला ‘ब’ ची छटा येऊ लागते. व साठी ‘उअ’ असा झटपट उच्चार चालतो, आणि उ, ओ या स्वरांना ओठांचा चंबू न करता ते घशातून काढावे लागतात.

सुटा शब्द पकडला जातो, वाक्यातला सहसा निसटतो. ‘ताणी’ असे नुसते ऐकले तर कोणीही हसेल, पण ‘आजी, तहान लागली, ताणी दे’ यातले पाणी ऐकणाऱ्याचा कान स्वतःच दुरुस्त करून घेतो. जेथे चुकीचा शब्दही अर्थपूर्ण असतो तेथे मात्र हा उपाय अंगाशी येतो. ‘बाबा’चे ‘दादा’ होतात आणि ‘मामा’चे ‘नाना’, म्हणजे नात्यांची पार उलथापालथ होते. म्हणून संहिता लिहितानाच निवड करावी: काका, आजी, ताई, आत्या हे बाहुलीच्या वाट्याला द्यावेत, बाबा, मामा आणि मावशी यांची नावे आपण स्वतःच्या तोंडी घ्यावीत. ‘काका, आज चहा कडक आहे का?’ या वाक्यात ओठांना एकदाही काम नाही, म्हणून सुरुवातीला अशीच वाक्ये घोटावीत. बाहुलीचे नावही याच कसोटीवर ठेवावे. मी हौसेने ‘बापू’ ठेवले आणि पहिल्याच तालमीत त्याने स्वतःची ओळख ‘दातू’ अशी करून दिली. भाच्यांनी ते नाव उचलले आणि आता ते बदलणे माझ्या हातात राहिलेले नाही.

आवाज वेगळा हवा म्हणून नवशिके किंचाळतात आणि दहा मिनिटांत घसा बसतो. पट्टी थोडी चढवून आवाज नाकाकडे नेला तरी पुरते. खरा फरक स्वभावाने पडतो. आपण सभ्य, संथ आणि थोडे बावळट राहावे. बाहुलीने मध्येच तोडावे आणि जे आपण चारचौघांत बोलणार नाही ते बोलावे. ‘अर्धवट’ असे नाव घेऊन शहाण्याला निरुत्तर करण्यात जी गंमत आहे ती येथूनच येते.

सर्वांत अधिक तालीम मात्र बाहुलीच्या गप्प राहण्याची करावी. आपण बोलत असताना तिची मान आपल्याकडे वळलेली असावी, विचित्र काही ऐकले की ती अर्ध्या क्षणाने प्रेक्षकांकडे फिरावी आणि मग सावकाश परत यावी. हा उशीर फार महत्त्वाचा आहे, कारण तेवढ्यात प्रेक्षकाला बाहुली विचार करत असल्याचा भास होतो. आपणही ती बोलताना तिच्याकडेच पाहावे. शेजाऱ्यांच्या घरी मी जे डोळे विस्फारून पाहत होतो ते हेच होते, हे मला आरशासमोर दातूची मान फिरवताना उमगले.

प्रयोग बारा-पंधरा मिनिटांहून लांबवू नये. उजेड समोरून न घेता बाजूने घ्यावा, म्हणजे आपल्या ओठांवर थोडी सावली राहते. शेवटी बाहुली सर्वांदेखत हातातून काढू नये. बोलत बोलतच तिला पिशवीत उतरवावे आणि एखादे वाक्य आतून म्हणावे, ज्यासाठी आपले तोंड जरा फिरवून आवाज दबका केला की काम भागते. आईने त्या दिवशी पिशवीकडेच पाहत विचारले, ‘‘चहा घेतोस का रे?’’ आतून उत्तर गेले, ‘‘अर्धाच दे.’’