उदगीरचा स्विच लातूरहून सांभाळताना

लातूरच्या कार्यालयातील संगणकावरून उदगीरच्या डाळमिलमधील नेटवर्क स्विचची (संगणकांना केबलने एकमेकांशी जोडणाऱ्या पेटीची) सेटिंग बदलता आली, की साठ-पासष्ट किलोमीटरचा हेलपाटा वाचतो. मात्र समोरच्या स्विचवरची चूक जागच्या जागी निस्तरता येते, तर दूरच्या स्विचवरची चूक आपल्यालाच बाहेर काढून आतून कडी लावून घेते. पुढील पद्धत सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचला धरून आहे. इतर कंपन्यांच्या आज्ञा वेगळ्या असल्या तरी क्रम साधारण हाच राहतो.

पहिली मांडणी जागेवर जाऊनच करावी लागते. स्विचच्या कन्सोल पोर्टची केबल लॅपटॉपला लावून पुट्टी या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये सीरियल निवडावे, वेग ९६०० ठेवावा आणि व्यवस्थापनासाठी वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचवरचे स्वतंत्र आभासी नेटवर्क) करून त्याच्या इंटरफेसला आयपी पत्ता द्यावा. डिफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेरच्या नेटवर्ककडे नेणाऱ्या राउटरचा पत्ता, द्यायचा राहिला, तर स्विच मिलमधल्या शेजारच्या संगणकाला उत्तर देतो, लातूरला देत नाही. म्हणून तिथेच बसून केलेल्या पिंगवर (संपर्काच्या चाचणीवर) विसंबू नये.

दूरून लॉगिन करण्यासाठी टेलनेट वापरू नये, कारण त्यात पासवर्ड उघडा जातो; त्याऐवजी सर्व मजकूर कूटबद्ध करणारे एसएसएच वापरावे. स्विचला होस्टनेम आणि डोमेन नाव देऊन २०४८ बिटांची आरएसए की (कूटबद्ध करण्याची किल्ली) तयार करावी, एसएसएचची आवृत्ती २ ठरवावी, वापरकर्ता नोंदवावा आणि व्हीटीवाय ० ते १५ या दूरून लॉगिन करण्याच्या सर्व लाइनांवर ‘लॉगिन लोकल’ व ‘ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच’ लिहावे. त्याच लाइनांवर अ‍ॅक्सेस लिस्ट (परवानगी असलेल्या पत्त्यांची यादी) लावून फक्त आपल्या संगणकाला वाट ठेवावी. एसएसएचचा पोर्ट २२ इंटरनेटवर उघडा टाकू नये. लातूरहून व्हीपीएनमधूनच (इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी वाटेनेच) जावे.

एकदा ट्रंकवर (अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या जोडणीवर) व्हीलॅन ३० वाढवताना मी ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ असे लिहिले आणि ‘अ‍ॅड’ हा शब्द राहून गेला. यादीत भर पडण्याऐवजी यादीच बदलली, व्यवस्थापनाचा व्हीलॅन गळाला आणि स्क्रीन जागीच थिजली. भर उन्हात उदगीर गाठावे लागले.

तेव्हापासून असा बदल करण्याआधी मी ‘रीलोड इन १०’ देतो. संपर्क तुटला, तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप पुन्हा सुरू होतो आणि जतन केलेल्या जुन्या सेटिंगवर येतो. या काळात मिलचे नेटवर्क काही मिनिटे बंद राहते, म्हणून वेळ जेवणाच्या सुट्टीची निवडावी. ही आज्ञा देताना बदल जतन करायचे का, असे स्विचने विचारले, तर आधीचे कोणते काम जतन व्हायचे राहिले आहे ते थांबून पाहावे.

बदलानंतर जुनी खिडकी बंद न करता दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करून पाहावे. ते झाले, की ‘रीलोड कॅन्सल’ द्यावे आणि लगेच ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ चालवावे. ही शेवटची आज्ञा राहिली आणि मिलमधली वीज गेली, तर वीज आल्यावर स्विच जुन्या सेटिंगनेच उठतो.