सोडा लाईमच्या रंगावर जाऊ नका

मी ठाण्यात फिरती भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. सकाळी नौपाडा, दुपारी घोडबंदर रोड, कधी कळवा. प्रत्येक ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) भुलीचं मशीन वेगळं आणि सोडा लाईमही वेगळा, म्हणजे पेशंटच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारे, मशीनच्या डब्यात भरलेले दाणे. एकीकडे ताजे दाणे पांढरे असतात आणि वापरून झाले की जांभळे होतात. दुसरीकडे ताजे गुलाबी, संपले की पांढरे. म्हणजे इथला चांगला रंग तिथे वाईट. म्हणून नव्या ओटीत गेलं की आधी कॅनवरचं लेबल वाचायचं. ओटीतल्या मामांना (वॉर्डबॉयना) विचाराल तर उत्तर ठरलेलं, "मॅडम, परवाच भरलाय." भरला असेलही, पण मधे केसेस किती झाल्या आणि फ्लो (मशीनमधून येणाऱ्या ताज्या गॅसचा प्रवाह) किती होता, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. चिकटपट्टीवर भरल्याची तारीख लिहून डब्याला लावायची सवय प्रत्येक ओटीने लावून घ्यावी.

(बेन सर्किटवरच, म्हणजे सोडा लाईम न लागणाऱ्या नळीवरच, काम भागत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. हे क्लोज सर्किटवाल्यांसाठी, जिथे उच्छ्वासाचा गॅस सोडा लाईममधून जाऊन पुन्हा पेशंटकडे येतो.)

रंगाची दुसरी खोड अशी की तो परततो. संध्याकाळी जांभळे झालेले दाणे रात्रभर पडून राहिले की सकाळी पांढरे दिसतात, आणि पहिल्या केसला थोड्याच वेळात पुन्हा जांभळे होतात. ट्यूबलाइटच्या उजेडानेही तो जांभळा रंग मरतो. म्हणून रंग बघायचाच तर केस संपताना बघा, सकाळी नाही.

खरी साक्ष कॅप्नोग्राफची, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजून ग्राफ काढणाऱ्या मॉनिटरची. लॅप्रोस्कोपीत (दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये) ईटीसीओटू, म्हणजे उच्छ्वासाच्या शेवटचा कार्बन डायऑक्साइड, चढला की सगळे पोटात भरलेल्या गॅसकडे बोट दाखवतात. बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण आधी ग्राफची खालची रेघ बघा. श्वास आत जाताना ती शून्यावर टेकत असेल तर सोडा लाईम निर्दोष आहे, व्हेंटिलेशन वाढवा. रेघ वर उचलली असेल तर पेशंट स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड परत घेतोय. अशा वेळी ताज्या गॅसचा फ्लो वाढवा. रेघ खाली आली तर दाणे संपलेत. केस संपेपर्यंत फ्लो चढाच ठेवा, मग बदला. भरपूर फ्लो देऊनही रेघ हलत नसेल तर सर्किटच्या व्हॉल्व्हकडे (गॅस एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपांकडे) वळा, एखादी चकती चिकटलेली असते. आत जाणारा कार्बन डायऑक्साइड 5 मिलिमीटर पाऱ्यापर्यंत (mmHg) पोहोचला की डबा बदलायचाच, रंग काहीही म्हणो.

सगळ्यात धोक्याची गोष्ट मात्र रंगही सांगत नाही आणि ही रेघही सांगेलच असं नाही: दाणे सुकलेत का. ताज्या सोडा लाईममध्ये साधारण 15 टक्के पाणी असतं. "जुलैत आमचे कपडे वाळत नाहीत, हा कसा सुकेल?" असं एका सिस्टरनी मला विचारलं होतं. सुकतो, कारण त्यातून ओटीतली दमट हवा जात नाही. जातो तो पाइपलाइनचा ऑक्सिजन, कोरडा ठणठणीत. शनिवारी फ्लोमीटर (गॅसचा प्रवाह सोडणारी खुंटी) उघडा राहिला तर सोमवारी सकाळी डब्यात वाळलेले दाणे असतात. त्यांच्यावर डेसफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन ही श्वासातून द्यायची भुलीची औषधं दिली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, डेसफ्लुरेनने सर्वांत जास्त. आणि पल्स ऑक्सिमीटर तोंडघशी पाडतो: कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेलंच वाटतं, आकडा छान दाखवत राहतो. सेव्होफ्लुरेन हे तसलंच औषध दिलं तर सुकलेला डबा प्रचंड तापतो. बॅरालाईम नावाच्या जुन्या प्रकारात तर आगी लागल्या, आणि तो बाजारातून गेला. केस चालू असताना डबा कोमट लागणं चांगलंच, हात ठेववत नसेल तर नाही.

तेव्हा दिवसाची लिस्ट संपली की फ्लोमीटर आणि व्हेपोरायझर (भुलीच्या औषधाची वाफ सोडणारं यंत्र) दोन्ही बंद. मशीनचा स्विच बंद केला म्हणजे गॅस थांबला असं धरून चालू नका. सोमवारी फ्लो चालू सापडला तर चर्चा नको, डबा बदला. पाणी शिंपडून दाणे ओले करायच्या भानगडीत पडू नका. दोन कप्प्यांचा डबा असेल तर दोन्ही कप्पे रिकामे करा. वरचा टाकून खालचा वर चढवण्याची जुनी काटकसर इथे नको, कारण सुकलेला कप्पा कोणता हे बाहेरून कळत नाही. सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड नसलेले नवे प्रकार या बाबतीत बरेच सुरक्षित आहेत. महाग पडतात, पण डेसफ्लुरेन वापरणाऱ्या ओटीने तरी तेच घ्यावेत असं माझं मत.

भरताना हातमोजे, मास्क आणि चष्मा घाला, ही धूळ अल्कली आहे, डोळ्यात गेली तर भरपूर पाण्याने धुवा. रव्याचा डबा भरताना आपटतो तसा हलकेच आपटून दाणे बसवा, नाहीतर मधे पोकळ वाट राहते आणि गॅस तिथूनच निसटतो. खुणेच्या वर भरू नका. गॅस्केटवर एक दाणा अडकला तरी लीक होतं, म्हणून कडा पुसा आणि डबा बसवल्यावर लीक टेस्ट करा, दोन केसच्या मधे घाईत बदलला असेल तरीही. उरलेल्या कॅनचं झाकण लगेच घट्ट लावा. वापरलेले दाणे सिंकमध्ये ओतू नका, पिशवीत बांधून हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या नियमाप्रमाणे द्या.