सही होते, पण फाइल सेव्ह होत नाही : शेअर्ड ड्राइव्हवरच्या पीडीएफचं दुखणं कसं शोधावं

डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं छोटं यूएसबी उपकरण) लावलं, सर्टिफिकेट निवडलं, फाइल कुठे ठेवायची ते दाखवलं, पिन टाकला, टोकनवरचा दिवा लुकलुकला. आणि मग समोर निरोप : फाइल सेव्ह करता आली नाही, ती रीड-ओन्ली असेल किंवा दुसऱ्या कोणीतरी उघडलेली असेल. पुण्यात सदाशिव पेठ, टिळक रस्ता, कर्वे रस्ता या पट्ट्यातल्या सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) आणि वकिलांच्या लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. ३० सप्टेंबर जवळ आला की या एका निरोपासाठी जितके फोन येतात, तितके वर्षभरात दुसऱ्या कशासाठी येत नाहीत. फोन करणाऱ्याने तोवर टोकनचा ड्रायव्हर दोनदा काढून पुन्हा टाकलेला असतो, आणि दोष टोकनमध्ये नसतोच.

आधी काम मार्गी लावा

सी ड्राइव्हवर एक साधं फोल्डर करा, नाव ‘सही’ ठेवा. शेअर्ड ड्राइव्हवरची, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांच्या सामाईक फोल्डरातली, पीडीएफ तिथे कॉपी करा, तिथूनच उघडा, सही करा आणि तिथेच सेव्ह करा. अॅक्रोबॅट (पीडीएफ उघडून सही करायचा प्रोग्रॅम) पूर्ण बंद करा आणि सही झालेली फाइल मूळ जागी कॉपी करा. सही झाली तर टोकन, सर्टिफिकेट आणि अॅक्रोबॅट तिन्ही ठणठणीत आहेत, दुखणं शेअर्ड ड्राइव्हचं आहे. इथेही तोच निरोप आला तर नेटवर्कच्या मागे लागू नका, टोकनकडे किंवा त्या पीडीएफकडेच बघा.

कॉपी केल्याने सही बिघडेल का, हे मला हमखास विचारतात. बिघडत नाही. सही करताना फाइलमधल्या बाइट्सवरून एक हॅश, म्हणजे त्या फाइलचा जणू बोटाचा ठसा, काढला जातो आणि तो सहीत बांधला जातो. कॉपी करताना बाइट जसेच्या तसे जातात, म्हणून सही टिकते. बिघडवणारी गोष्ट वेगळीच आहे : ‘सेव्ह होत नाही तर प्रिंट टू पीडीएफ करू’ ही युक्ती. एका ऑफिसात रात्री उशिरापर्यंत बसून मुलांनी सगळ्या सही केलेल्या फाइली अशा छापून ठेवल्या होत्या. पानावर सहीचा चौकोन, नाव, तारीख, सगळं दिसत होतं. पण तो नुसता सहीचा फोटो होता, आतली सही गेलेली होती. पोर्टलने एकही फाइल घेतली नाही आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या सह्या नव्याने कराव्या लागल्या. त्या मुलांचे थकलेले चेहरे मला अजून आठवतात, म्हणून हे इतकं ठासून सांगतो. सही झालेल्या फाइलला प्रिंटचं बटण दाखवू नका.

नोटपॅडची चाचणी

अॅक्रोबॅट जुन्या फाइलवर सरळ लिहीत सुटत नाही. बहुतेक वेळा आधी एक तात्पुरती फाइल तयार करतो, त्यात सगळं लिहितो, मग जुनी बाजूला सारून नव्या फाइलला तिचं नाव देतो. म्हणजे त्या फोल्डरमध्ये आपल्याला चार हक्क लागतात : नवी फाइल करण्याचा, लिहिण्याचा, नाव बदलण्याचा आणि पुसण्याचा. पुष्कळ ऑफिसांत पहिले दोन दिलेले असतात आणि ‘चुकून कोणी काही उडवू नये’ म्हणून पुसण्याचा काढून घेतलेला असतो. हेतू चांगला, पण सही तिथेच अडकते. फोल्डरमध्ये टीएमपी शेपटाच्या, शून्य केबीच्या फाइली साचलेल्या दिसल्या की समजा, हेच झालंय.

खात्री करायला दोन मिनिटं पुरतात. ज्या फोल्डरमध्ये अडतंय, अगदी त्याच फोल्डरमध्ये राइट क्लिक करून नवी टेक्स्ट फाइल तयार करा. तिच्यात दोन शब्द लिहून सेव्ह करा. तिचं नाव बदला. मग ती पुसा. चारपैकी जी पायरी अडेल, तीच तुमची अडचण. आता सहकाऱ्याने केलेल्या फाइलचं नाव बदलून बघा आणि लगेच पूर्ववत करा. स्वतःच्या फाइली बदलता येतात आणि दुसऱ्याच्या नाही, अशीही रचना असते. कंपनीच्या फॉर्मवर आधी संचालक आणि मग सीए किंवा सीएस सही करतात, तिथे हा फरक नेमका आडवा येतो.

विंडोजवर हक्क दोन ठिकाणी असतात. एक शेअरिंगच्या टॅबमध्ये, दुसरे सिक्युरिटीच्या. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतला जो कडक असेल तो लागू होतो. सिक्युरिटीत सगळं दिलं आणि शेअरिंगमध्ये ‘रीड’च राहिलं, तर दार उघडं आणि फाटक बंद. शेअरिंगमध्ये ‘चेंज’ आणि सिक्युरिटीत ‘मॉडिफाय’, एवढं सही करणाऱ्यांच्या ग्रुपला द्या. कंटाळून सिक्युरिटीत ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल देणारे मी बघतो, आणि मला ते अजिबात पटत नाही. ज्या फोल्डरमध्ये अशिलांचे सही केलेले कागद आहेत, तिथले हक्क बदलायची मुभा काल रुजू झालेल्या आर्टिकलला, म्हणजे शिकाऊ उमेदवाराला, कशासाठी?

फाइल नेमकी कोणी धरून ठेवली आहे?

हक्क ठीक असतील तर निरोपाचा दुसरा भाग खरा असतो : फाइल कोणाकडे तरी उघडी आहे. शेजारच्या टेबलावर विचारलं की ‘मी नाही उघडली’ असं उत्तर येतं, आणि ते प्रामाणिक असतं. कारण बऱ्याचदा फाइल धरून बसलेला असतो एक्स्प्लोररचा प्रीव्ह्यू. उजवीकडच्या पट्टीत पीडीएफचं पान दिसत असेल, तर तेवढ्यासाठीसुद्धा फाइल अडकते. ऑल्ट आणि पी एकत्र दाबा, पट्टी जाईल. हे फक्त तुमच्या मशीनवर करून भागत नाही, ज्यांनी ज्यांनी ते फोल्डर उघडलंय त्यांच्याकडेही करायला हवं.

तरीही सापडलं नाही तर ज्या मशीनवर फोल्डर आहे तिथे जा. कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’ आणि त्याखाली ‘ओपन फाइल्स’ असं पान आहे. कोणत्या युजरने कोणती फाइल उघडी ठेवली आहे ते तिथे स्पष्ट दिसतं आणि तिथूनच ती बंदही करता येते. पण त्या माणसाला आवाज देऊन मगच बंद करा, त्याचं अर्धवट काम जाऊ शकतं. सेव्ह कधी होतं, कधी होत नाही, असं असेल तर सर्व्हरवरचा अँटिव्हायरस तपासा. नवी फाइल आली की तो क्षणभर ती वाचायला घेतो आणि नेमकं तेव्हाच अॅक्रोबॅटला नाव बदलायचं असतं.

मराठी नावं आणि लांबलचक वाटा

हा मुद्दा आपल्याच लोकांना जास्त लागतो, म्हणून थोडं सविस्तर. विंडोजमध्ये फाइलच्या पूर्ण पत्त्याला, म्हणजे ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या शेपटापर्यंत, जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे आणि बरेच प्रोग्रॅम अजून तीच पाळतात. वर्ष, अशील, विषय, अंतिम, अंतिम सुधारित अशी फोल्डरात फोल्डर घातली की ती केव्हा ओलांडली ते कळत नाही.

ऑफिसात नॅस (नेटवर्कला जोडलेली, फाइली साठवायची पेटी) असेल तर आणखी एक मेख. नॅस बहुधा लिनक्सवर चालतो आणि तिथे एका फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. शिवाय काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं धरली जातात. ‘श्री’ हे आपल्याला एकच अक्षर दिसतं, पण आत श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हं आहेत, म्हणजे १२ बाइट. ‘ताळेबंद व नफातोटा पत्रक’ एवढ्यालाच ६३ बाइट लागतात. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर शेअर्ड फोल्डर एन्क्रिप्ट केलं असेल तर मर्यादा १४३ बाइटवर येऊ शकते, म्हणजे देवनागरीची जेमतेम ४७ चिन्हं. मराठी नावं सोडा असं मी मुळीच म्हणत नाही, माझ्या स्वतःच्या फोल्डरांची नावं मराठीच आहेत. फक्त फाइलचं नाव आटोपशीर ठेवा आणि वर्ष, अशील वगैरे तपशील फोल्डरांच्या नावांत जाऊ द्या. संशय असेल तर तीच फाइल ‘अ’ नावाने शेअरच्या अगदी वरच्या फोल्डरात सेव्ह करून बघा. झाली, तर कारण सापडलं.

ड्राइव्हच दिसत नाही तेव्हा

सही करायचं सॉफ्टवेअर ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडायची सवय पुष्कळांना असते. तसं उघडलं की त्या प्रोग्रॅमला आपण जोडलेला झेड ड्राइव्ह सहसा दिसत नाही, कारण ते जोडणं तुमच्या साध्या लॉगिनपुरतं असतं. साध्या क्लिकने उघडा, किंवा ड्राइव्हच्या अक्षराऐवजी दोन उलट्या तिरक्या रेघा, सर्व्हरचं नाव आणि शेअरचं नाव असा पूर्ण पत्ता द्या.

स्थानिक फोल्डरात सेव्ह होतं, नोटपॅडची चाचणी पार पडते, कोणाकडे फाइल उघडी नाही, आणि तरी फक्त अॅक्रोबॅटच अडतो? मग प्रेफरन्सेसमध्ये ‘सिक्युरिटी एन्हान्स्ड’ उघडा. तिथला प्रोटेक्टेड मोड चाचणीपुरता बंद करा, प्रोग्रॅम पुन्हा चालू करून बघा, आणि सेव्ह झालं तरी तो लगेच परत चालू करा. बाहेरून आलेल्या पीडीएफ उघडणाऱ्या मशीनवर ते संरक्षण हवंच. त्याच पानावर ‘प्रिव्हिलेज्ड लोकेशन्स’मध्ये तुमच्या शेअरचा पत्ता घाला. तेवढ्याने भागलं नाही, तर त्या शेअरपुरतं सी ड्राइव्हवर सही करून कॉपी करणं हीच कायमची पद्धत ठेवा.

लॅपटॉपवर ‘ऑलवेज अव्हेलेबल ऑफलाइन’ ही खूण लावलेली असेल तर तीही बघा. सेव्ह झालं असं दिसतं, पण फाइल तुमच्याच मशीनवरच्या साठ्यात असते आणि साहेबांना सर्व्हरवर सही नसलेली जुनीच प्रत दिसते. सह्यांच्या फोल्डरवरून ही खूण काढून टाका.

राहिली वीज आणि वायर. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण स्विच आणि राउटर बंद पडतात. सही करता करता असं झालं तर वीज आल्यावर लगेच त्याच फाइलवर दुसरी सही करू नका. अॅक्रोबॅट बंद करा, ड्राइव्हवरची लाल फुली गेली का बघा, सर्व्हरवरची फाइल उघडून सिग्नेचर पॅनल तपासा. सही पूर्ण आणि सहीनंतर बदल नाही असं दिसलं तर काम झालेलं आहे. सही नसेल किंवा फाइल उघडतच नसेल, तर ती बाजूला काढून मूळ प्रतीवरून सुरुवात करा. पॅनलमध्ये नुसतं पिवळं प्रश्नचिन्ह असेल, तर तो सर्टिफिकेटवरच्या विश्वासाचा वेगळा विषय आहे, सेव्हचा नाही. आणि स्विचला एक छोटा यूपीएस लावा. तपकीर गल्लीत तो मिळतो, जाताच आहात तर त्या ढिल्या झालेल्या लॅन वायरीच्या जागी एक नवीही घेऊन या.