अल्बिनिझम असलेल्या मुलाची काळजी कशी घ्यावी

त्वचा, केस आणि डोळे यांना रंग देणारे मेलॅनिन जन्मतःच फार कमी किंवा अजिबात तयार होत नाही, अशा आनुवंशिक स्थितीला अल्बिनिझम म्हणतात. हे कोड नव्हे आणि ते संसर्गाने पसरत नाही. बहुतेक प्रकारांत आई आणि वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतात, आणि प्रत्येक गरोदरपणात मूल बाधित होण्याची शक्यता 25 टक्के असते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घरांत दोघेही वाहक असण्याचा संभव वाढतो, म्हणून तिथे जनुकीय सल्ला जरूर घ्यावा.

त्वचेची चिंता सगळेच करतात; खरे तर डोळ्यांकडे आधी लक्ष द्यावे, कारण दृष्टिपटलाचा मध्यभाग नीट विकसित न झाल्याने चष्मा लावूनही नजर पूर्ण सुधारत नाही. बुबुळे सतत हलत असल्यामुळे मूल अनेकदा मान तिरपी करून वाचते. त्या कोनात डोळे स्थिरावतात, तेव्हा ‘सरळ बस’ असा धोशा लावू नये. फळ्याजवळची, पण खिडकीकडे पाठ असलेली जागा आणि मोठ्या अक्षरांची पुस्तके शाळेकडे आग्रहाने मागावीत.

उन्हात पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी आणि एसपीएफ 30 किंवा अधिकचे सनस्क्रीन वापरावे, ते दर 2 तासांनी पुन्हा लावावे, आणि त्वचेचा कर्करोग वेळीच कळावा म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडून नियमित तपासणी करून घ्यावी.